ज्ञानेश्वरीचं चौथं फडकं

शनिशिंगणापूरच्या वाटेवरल्या एका वस्तीत मच्छिंद्र महाराजांच्या पत्र्याच्या शेडपुढं पाय ठेवायला जागा नव्हती. आजाऱ्याच्या अंगावरून पांढरं फडकं ओवाळायचं, हंड्यातल्या तीर्थात बुडवून वर काढायचं. आधी ते पिवळट हिरवं दिसे. महाराज ते उंच धरून, साडेसाती अंगातून निघाली, फडक्यावर चढली, असं घोळवून घोळवून सांगत. तोवर फडकं सगळ्यांच्या देखत निळंशार होई. बायका हात जोडत. महाराज स्वतःच्या खोकल्यासाठी नगरच्या डॉक्टरकडं जात, ते मात्र कुणी विचारत नसे.

सविताची सहा वर्षांची ज्ञानेश्वरी चार दिवस तापानं फणफणत होती. तीन फडकी निळी पडली होती. फडकं निळं पडायचं थांबेपर्यंत सुई टोचायची नाही, नाहीतर शनी उलटेल, अशी महाराजांची ताकीद होती. सविता दवाखान्याचं नाव काढी, आणि सासू बनुबाई म्हणे, "पीडा निघतीय ना? मग दम धर." आज तर लेक आईला ओळखतही नव्हती. तुझ्या रडण्यानं पीडा अडती, असं म्हणून सासूनं तिला सकाळी जबरीनं कापड रंगवायच्या वर्गाला पाठवलं.

हळद आणि डाळिंबाची साल शिकून झाली होती. आज नीळ होती. वर्ग घेणाऱ्या म्हाताऱ्या मुक्ताबाईंनी नीळ, सोडा आणि नीळ विरघळवणारी हायड्रो पावडर कालवून झाकून ठेवलेलं पिंप उघडलं. कापड पाण्याखालीच दाबायचं, हवा शिरू द्यायची नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. सविताचा रुमाल वर आला तो पिवळट हिरवा. हातातच तो निळा पडत गेला. तिनं तो फेकला आणि भिंतीपर्यंत मागं सरकली.

"बाई, पीडा माझ्या मागं इथवर आली."

मुक्ताबाई हसल्या नाहीत. त्यांनी तिच्याकडून सगळं ऐकून घेतलं.

"पिंपात विरघळलेली नीळ पिवळट असते, पोरी. हवा लागली की निळी होते. रोज होते, कुणाच्याही हातात. लेक कुठंय?"

"शेडवर. चौथं फडकं हाय आज."

मुक्ताबाईंनी घट्ट झाकणाची दुधाची किटली पिंपातल्या पाण्यानं काठोकाठ भरली आणि स्कूटी काढली.

शेडवर बनुबाई नातीला मांडीवर घेऊन बसली होती. सवितानं एक कोरं फडकं शेडच्या खांबावरून ओवाळलं, किटलीत बुडवलं आणि उंच धरलं. ते हिरवं होतं. बघता बघता निळं झालं.

"ह्या खांबाला कंची साडेसाती हाय, महाराज?"

मागून कुणीतरी हसलं. देवाची चेष्टा करू नका, असं महाराज पुटपुटले, पण हंड्यावर झाकण ठेवायला विसरले नाहीत.

"आत्याबाई, पोरगी द्या."

बनुबाईनं निळ्या फडक्याकडं पाहिलं, मग नात सविताच्या हातात दिली.

दवाखान्यात डॉक्टरांनी लगेच सलाईन लावलं. उद्यापर्यंत काही सांगता येत नाही, म्हणाले. मागोमाग आलेल्या बायांना मुक्ताबाईंनी समजावलं, की चमत्कार दिसला तर आजारी माणूस बाजूला ठेवायचा आणि तोच प्रकार खांबावर करून बघायचा. खांबावरही घडला, तर त्यात ना देव ना पीडा. आणि तापाला आधी दवाखाना.

बनुबाई नातीच्या पायाशी उभी होती.

"पयल्याच दिशी आणली असती तर, डाक्टर?"

"तर आज ती घरी खेळत असती, आजी."