आळ्यातली अंडी

चक्रीवादळात रंगूच्या सुपाऱ्या आडव्या झाल्या तेव्हा ती रडली नाही. रडायला सवड कोणाला होती? सासऱ्याने लावलेली, तिने तीस वर्षं पाणी पाजलेली बाग एका दुपारीत भुईसपाट झाली. पुढे त्याच जागेवर तिच्या मुलाने, गणराजने, पर्यटकांसाठी पत्र्याच्या दोन खोल्या उठवल्या आणि दारावर कासवाचं चित्र काढून घेतलं. पनवेलच्या गोदामातली नोकरी सोडून तो बायकोला, पूनमला, घेऊन घरी आला. रंगू आल्यागेल्याला सांगायची, "झाडं गेली, पन पोरगा आला." हे ती एवढ्या वेळा सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, वादळाला हिनेच बोलावणं धाडलं होतं.

श्रीवर्धनच्या पुढे केवडवाडीच्या किनाऱ्यावर थंडीत समुद्री कासवं येतात, वाळूत खड्डा करून अंडी घालतात आणि परत जातात. मागे वळूनसुद्धा बघत नाहीत. पूर्वी गावातली माणसं ती अंडी उकरून खायची. रंगूनेही खाल्ली होती, आणि पाहुण्यांनी विचारलं तर ती चवीसकट सांगायची, म्हणून गणराजने तिला त्या विषयावर बोलायची बंदी घातली होती. आता तिचा नवरा सदू कासवमित्र झाला होता. पहाटे किनारा धुंडाळायचा, अंडी सापडली की अलगद उचलून कुंपणातल्या वाळूत पुरायची, वर टोपली पालथी घालायची, आणि पिल्लं वर आली की पाहुण्यांसमोर समुद्रात सोडायची. याचाच मार्चमध्ये महोत्सव व्हायचा. मुंबई-पुण्याची माणसं पिल्लांच्या मागे लाटेपर्यंत टाळ्या वाजवत जायची आणि रंगूच्या हातचं सुरमईचं कालवण खाऊन बोटं चाटायची.

पण समुद्राला कोणी महोत्सव विचारलेला नव्हता. दरवर्षी तो थोडा किनारा गिळत होता. जुनं कुंपण होतं तिथे आता भरतीला गुडघाभर पाणी चढायचं, म्हणून कुंपण सरकत सरकत रंगूच्या उरलेल्या बागेच्या तुकड्यात आलं. ढेकळं सपाट करून त्यावर ट्रॉलीने वाळू आणून पसरली. त्यात यंदा ऊन असं की फेब्रुवारीतच माणसं सावली शोधू लागली. पहिल्या टोपल्यांखालून पिल्लं निघालीच नाहीत. सदूने खड्डे उकरले तर कुजका वास आला. अंडी वाळूतच शिजली होती.

शेवटी दोन टोपल्या राहिल्या आणि महोत्सव तोंडावर आला. गणराज एका संध्याकाळी पडवीत बसून म्हणाला, "आई, या टायमाला पिल्लं नाय दिसली ना, तर पुढच्या वर्षी इथं कुत्रं पण येणार नाय. मी पनवेलला बोलून ठेवलंय. शेठ परत घेतो म्हणाला."

"आनि पूनम?"

"ती पण येणार. इथं राहून काय करंल?"

त्या रात्री रंगूला जेवण गेलं नाही. बाग गेल्याचं दुःख तिने मुलाच्या जोरावर गिळलं होतं. आता मुलगाच चालला म्हणजे त्या वादळाने तिला पुरतं नागवलं असतं.

नेमकं तेव्हाच वनखात्याने सदूला अलिबागला बैठकीला बोलावलं. बैठक कशाची, तर उन्हापासून अंडी कशी वाचवावीत याची! अंडी उन्हात आणि त्यांचा राखणदार पंख्याखाली. निघताना सदूने बजावलं, "वर हिरवी जाळी हाय, ती काढू नको. सकाळ-संध्याकाळ ओंजळीनं पानी मार. जास्ती न्हाय."

"मला पानी शिकवताव? सारा जलम पाटाच्या पान्यात गेला माजा."

"सुपारी येगळी नि अंडी येगळी, रंगू."

"जावा तुमी, यष्टी चुकंल."

पहिल्या दिवशी तिने सांगितल्यासारखं केलं. ओंजळभर पाणी वाळूने बघता बघता पिऊन टाकलं. दुपारी तिने टोपलीशेजारी वाळूत हात खुपसला तर कोपरापर्यंत चटका बसला. तिला नवऱ्याचा राग आला. एवढ्या काहिलीत ओंजळ ओंजळ पाणी? तहानलेल्याच्या ओठाला नुसतं बोट लावावं तसं हे! अशाच उन्हाळ्यांत तिने सुपारीची कोवळी रोपं जगवली होती. बुंध्याभोवती आळं करायचं, पाटाचं पाणी तुडुंब भरू द्यायचं आणि वर ओल्या झावळ्या अंथरायच्या. आळं भरलं की मूळ निवतं. ही विद्या तिला कुठल्या बैठकीत मिळाली नव्हती.

तिने कुदळ घेतली. दोन्ही टोपल्यांभोवती गोल, देखणी आळी केली, विहिरीवरच्या पंपाला पाइप जोडला आणि आळी काठोकाठ भरली. वर झावळ्या टाकल्या. दुसऱ्या दिवशी हात घातला तर वाळू गारेगार. तिने हाक मारून पूनमला बोलावलं.

"बघ गो, कशी गार पडलीत माजी लेकरं."

सदू येईपर्यंत ती आळी सुकू दिली नाहीत तिने.

महोत्सवाच्या आदल्या दिवशी सदू आला, अंगणात पिशवी टाकून थेट कुंपणात गेला. झावळ्या बघून तो जागीच थबकला. त्याने एक झावळी उचलली, टोपलीलगत हात खोल घातला आणि बाहेर काढला तेव्हा बोटांतून पाणी ठिबकत होतं.

"ह्ये काय केलंस गो?"

"गार ठेवलीत. का?"

"खाली माती हाय. पानी जाईल कुठं? अंड्याला बी वारा लागतो. गुदमारली असतील सगळी."

आपल्या हाताने आपण काय केलं ते रंगूला कळलं. सदूने वळून घराकडे पाहिलं. खोल्या पाहुण्यांनी भरल्या होत्या, तळणीचा वास सुटला होता. त्याने झावळ्या गोळा केल्या, आळी पायाने मोडली आणि वर कोरडी वाळू पसरली. चाळीस वर्षांच्या संसारात त्याने तिच्यासाठी केलेली ही पहिली लबाडी.

सकाळी कुंपणाभोवती ही गर्दी. टोपल्या उचलल्या, खाली काही नाही. सदूने सगळ्यांसमोर खड्डा उकरला. अंड्यांत पुरी वाढलेली पिल्लं होती. काहींनी कवच फोडायला सुरुवातही केली होती, आणि ती तशीच चोच बाहेर काढून मेली होती. आणखी दोन दिवसांनी ती पळाली असती.

रंगूच्याच खोलीत उतरलेली रुचिता नावाची मुलगी मोबाइलवर गावोगावचे व्हिडिओ करायची. तिने एक मेलेलं पिल्लू तळहातावर घेतलं आणि कॅमेऱ्यासमोर खरोखरची रडली. "तापमानवाढीने यांचा जीव घेतला," ती म्हणाली. वनरक्षकाने मान डोलावली. उष्णता हे कारण सगळ्यांच्याच सोयीचं होतं. पूर्ण खोटंही नव्हतं. ऊन नसतं तर रंगूने कुदळ कशाला उचलली असती?

पण रंगूला ते सोसेना. ती पुढे झाली. "ताई, उनानं न्हाय मेली ती. मी पानी..."

"आई, चहा टाक." गणराजने तिचा दंड धरून तिला मागे ओढलं. त्याला पूनमने रात्रीच सगळं सांगितलं होतं.

व्हिडिओ वणव्यासारखा पसरला. गणराजचा फोन वाजायचा थांबेना. एरवी मार्चअखेर ओस पडणाऱ्या खोल्या मे महिन्यातही भरलेल्या. माणसं रिकामं कुंपण बघायला येत, हळहळत, फोटो काढत, मग फणसाचे गरे आणि सोलकढी मागत. बायका रंगूचे हात हातात घेऊन म्हणत, "किती सोसलंत हो तुम्ही!" रंगू हात सोडवून घेई आणि भाकऱ्या थापायला जाई. पनवेलचं नाव आता कोणी काढत नव्हतं. जे तिला हवं होतं ते मिळालं होतं.

एका दुपारी ती मागल्या दारी बांगडे साफ करत बसली होती. गणराज शेजारी येऊन टेकला. आवाज खाली आणून म्हणाला, "आई, पुढच्या सीझनचा विचार करतोय. पिल्लं काय, सगळीकडेच दिसतात. लोकं आपल्याकडं कशाला येतात, बघितलंस ना?"

"कशाला?"

"सगळी जगवायची काय गरज नाय. एक-दोन टोपल्या ठेवू बाजूला. बाबांना नको कळायला. तू घातलंस तसं पाणी घाल फक्त."

रंगूचा हात थांबला. तिने मुलाच्या तोंडाकडे नीट पाहिलं. तो थट्टा करत नव्हता, लाजलाही नव्हता. याला घरी ठेवायला तिने जन्माची विद्या पणाला लावली होती, आणि तिच्याकडून नेमकं एवढंच तो शिकला होता.

"पनवेलचा तो शेठ," तिने विचारलं, "अजून घेईल काय तुला?"

"का?"

"इचार त्याला. घेत असंल तर जा."

"आई, आता धंदा चालतोय तर..."

"जा रे तू," रंगू म्हणाली. "पूनमला बी घेऊन जा. मी कोनाला थांबवनार न्हाय."