भामाबाईचा दोर

मी एक जुना दोर आहे. लातूरच्या ह्या वस्तुदालनात, काचेच्या कपाटात, एका खिळ्याला गाठ मारून मला टांगलं आहे. खाली पाटी आहे. मघाशी तुमच्या गुरुजींनी ती मोठ्यानं वाचली, 'जनावरे बांधण्याचा दोर, किनवट भाग', आणि तुम्ही हसलात. मागच्या रांगेतल्या कोणीतरी हंबरूनही दाखवलं.

मित्रांनो, तुमच्यावर राग नाही. जे लिहिलं आहे तेच तुम्ही वाचणार. पण मी रागात आहे, आणि हा राग आजचा नाही, तीन वर्षांचा आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, मी तर अजून जळलेलोही नाही. गुरुजी पलीकडे कंधारच्या किल्ल्यातला तोफेचा गोळा बघत आहेत, तोवर माझं ऐकून घ्या. मी आयुष्यात एकही जनावर बांधलेलं नाही.

किनवट तालुक्यातल्या इस्लापूरजवळच्या डोंगरात आंध ह्या आदिवासी लोकांची एक वस्ती होती. पावसाळ्यात सहस्रकुंडाच्या धबधब्याचा आवाज तिथपर्यंत यायचा. तिथल्या लक्ष्मीबाई नावाच्या सुइणीनं केवणीच्या झाडाची साल सोलली, ओढ्यात आठ दिवस भिजत घातली, दगडावर बडवली आणि मांडीवर वळून मला तयार केलं. ह्याच झाडाच्या पीळदार शेंगेला मुरुडशेंग म्हणतात. बाळाच्या पोटात मुरडा आला की ती उगाळून चाटवतात. तुम्हालाही चाटवली असेल. म्हणजे तुमचं माझं नातं जुनं आहे, आणि तुम्ही माझ्यासमोर हंबरता.

माझं काम सांगतो. बाईला कळा सुरू झाल्या की सुईण मला घराच्या आढ्यावरून टाकायची आणि दोन्ही टोकं खाली सोडायची. बाई उकिडवी बसून ती टोकं घट्ट धरायची. कळ आली की माझ्यावर भार टाकून जोर करायची. मागून एखादी शेजारीण तिची कंबर चोळायची, सुईण समोर बसून बाळाला झेलायची.

लक्ष्मीबाईच्या घराण्याची एक रीत होती. ह्या दोराला कधी गाठ मारायची नाही. बाळंतपण चालू असताना घरात काहीच बांधलेलं राहू द्यायचं नाही. बाईचे केस सोडायचे, गाडग्यांच्या तोंडाची फडकी सोडायची, दावणीची गायसुद्धा मोकळी करायची. मोकळ्या होणाऱ्या बाईभोवती सगळं मोकळं हवं, असं लक्ष्मीबाई म्हणायची. मी आलो की गाय सोडली जायची, आणि पाटीवर काय लिहिलंय ते तुम्ही वाचलंच आहे.

आणखी एक रीत होती. बाई सुखरूप सुटली की तिच्या अंगावरच्या लुगड्याची बोटभर चिंधी फाडून माझ्या पिळात गुंफायची. माझ्या अंगावर लाल, निळे, हिरवे ठिपके दिसतात ना, ती काही नक्षी नाही. त्या एक्केचाळीस बाया आहेत.

लक्ष्मीबाईनं आपलं सगळं शहाणपण सुनेला दिलं. ती सून म्हणजे भामाबाई. सासू तिला सांगायची, "भामे, दोर सुटला तरी चालंल, बाईचा धीर सुटू देऊ नको." पोट कसं चोळायचं, मूल कुठल्या अंगावर आहे ते तळहातानं कसं ओळखायचं, बाळंतिणीला पहिले बारा दिवस काय खाऊ घालायचं, हे भामाबाई पुस्तकाशिवाय शिकली. सगळ्यांत मोठी गोष्ट शिकली ती ही, की आपल्या हातचं काय नाही ते ओळखायचं. मूल आडवं लागलं की ती स्वतःच म्हणायची, "हे माझ्या हातचं न्हाई. दवाखान्यात चला." आणि बाईच्या बरोबर जायची. भामाबाईला अडाणी म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. ओढा आटला, डोंगर उघडा पडला. एका मुकादमानं वस्तीतल्या लोकांना लातूरकडे रस्त्याची खडी फोडायच्या कामावर नेलं. भामाबाईनं दहा वर्षांच्या गिरजाला, म्हणजे आपल्या लेकीला, बरोबर घेतलं, पदरात मूठभर मुरुडशेंगा घेतल्या आणि मला गळ्यात अडकवलं.

एका दुपारी खडी फोडता फोडता केवळाबाईला कळा आल्या. आमच्याच वस्तीतली ती, पहिलटकरीण. नजर पोचेल तिथवर झाड नव्हतं, मग आढं कुठलं. मुकादम म्हणाला, "काम थांबवायचं न्हाई. तिला तिकडं बाजूला न्या."

भामाबाई त्याच्याकडे न बघता बायांना म्हणाली, "हातोडे ठिवा खाली. चौघी इकडं या. खांद्यावर पहार घ्या."

पहार उन्हानं तापली होती. बायांनी पदराच्या घड्या खांद्यावर घेतल्या, दोघी एका टोकाला, दोघी दुसऱ्या, आणि पहार उचलली. भामाबाईनं मला त्या पहारीवरून टाकलं. बाकीच्या बाया लुगडी धरून कडेनं उभ्या राहिल्या. त्या दिवशी आढं नव्हतं म्हणून बायाच आढं झाल्या. तासाभरानं केवळाबाईला मुलगा झाला. माझ्यात तिच्या लाल लुगड्याची चिंधी आली, आणि तिच्यावर खडीची धूळ अजून आहे.

पाऊस पडला तरी लोक परत गेले नाहीत. डोंगरात परतून खायचं काय? लातूरच्या बाहेर, दगडाच्या खाणीजवळ झोपड्या पडल्या. भोकरच्या, कंधारच्या बायाही तिथं येऊन राहिल्या. त्यांचं माहेर लांब, सासू कुठं, आई कुठं. भामाबाईच त्यांचं माहेर झाली. बारा दिवस रोज जाऊन बाळाला न्हाऊ घालायची, आईचं अंग रगडायची आणि ती रडली तर रडू द्यायची.

गावातही नाव पोचलं. पंच्याहत्तर साली विरूपाक्षअप्पांच्या घरून बोलावणं आलं. अप्पा मोठे भुसार व्यापारी. त्यांची सून जगदेवी दोन दिवस कळा देत होती आणि डॉक्टर परगावी गेले होते. भामाबाईला मागच्या दारानं आत घेतलं. जगदेवीनं माझी टोकं धरली, मग एक टोक सोडून भामाबाईचं मनगट धरलं. "मावशी, माझा हात सोडू नका," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. भामाबाईनं सोडला नाही. मुलगी झाली, आई आणि लेक दोघी वाचल्या. अप्पा स्वतः म्हणाले, "तुमच्या हाताला लई यश हाय, भामाबाई." जगदेवीच्या हिरव्या इरकलीची चिंधी माझ्यात आली. मुलीचं नाव रुद्राणी ठेवलं, पण त्या बारशाला भामाबाईला बोलावणं आलं नाही.

सुइणीपासून पोट लपवता येत नाही म्हणतात. मूल बाहेर आलं की मात्र लोक सुईणच लपवतात.

ब्याऐंशी साली लातूर वेगळा जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, साहेब आले, रंगवलेल्या पाट्या आल्या. वर्षभरानं नव्या जिल्ह्याचा वाढदिवस म्हणून जुन्या वस्तूंचं प्रदर्शन ह्याच दालनात भरवायचं ठरलं. विरूपाक्षअप्पा समितीवर होते. ते झोपड्यांकडे आले आणि भामाबाईला म्हणाले, "तुमचा दोर द्या चार दिवस. तुमच्या नावासकट लावू."

गरज सरो वैद्य मरो, हे भामाबाईला चांगलं ठाऊक होतं. तरी नाव लागणार म्हटल्यावर ती भुलली. मला कोमट हळदीच्या पाण्यानं धुतलं, वाळवलं आणि स्वतः आणून दिलं. कारकुनाला सगळं सांगितलं, गाठीचंसुद्धा. तिची आयुष्यातली ही एकच चूक. तिला वाटलं, सांगितलेलं लिहिलं जातं.

कारकुनानं खरंच लिहिलं होतं. ती गेल्यावर अप्पांनी तो कागद वाचला. मी तिथंच टेबलावर होतो. ते म्हणाले, "बाळंतपणाचं कशाला लिहून राहिलात? मोठी माणसं येणार, शोभतं का? दोर हाय, जनावरं बांधायचा म्हणा." कारकुनानं ओळ खोडली. शिपायानं मला खिळ्याला गाठ मारली. सैल मारली असती तरी एक वेळ चाललं असतं, त्यानं दोनदा हिसका देऊन आवळली.

उद्घाटनाच्या दिवशी भामाबाई धुतलेलं लुगडं नेसून आली. बरोबर गिरजा होती. तिला आठवा महिना होता, आणि तिचं पहिलं मूल जन्मतानाच गेलं होतं. भामाबाई माझ्यासमोर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "ह्यात माझं नाव लिव्हलंय." गिरजा चौथी शिकलेली. तिनं पाटी मनातल्या मनात वाचली.

"वाच की मोठ्यानं," भामाबाई म्हणाली.

"माय, तुझं नाव न्हाई. जनावरं बांधायचा दोर, असं हाय."

भामाबाई दोन पावलं पुढे आली. मग काचेला नाक लावून म्हणाली, "अन् गाठ मारली व्हय ह्यांनी."

तिनं तिथल्या तिथं मला परत मागितलं. महिन्याभरात गिरजाला लागणार होतो मी. लेक घाबरलेली होती आणि माझ्या टोकांशिवाय दुसरं काही धरायला तयार नव्हती. कारकून म्हणाला, "नोंद झाली आता, दोर दालनाचा झाला. वस्तू परत न्यायची तर साक्षीदार आणा, दोर तुमचा अन् बाळंतपणाचा हाय म्हणून."

केवळाबाई इथंच झाडू मारायच्या कामाला लागली होती. ती पुढे आली. "मी सांगते. माझं पोरगं ह्याच दोरावर झालं."

"तुला कोण विचारून राहिलंय? तू झाडू मार," कारकून म्हणाला.

तेवढ्यात जगदेवी आली. बरोबर आठ वर्षांची रुद्राणी होती. भामाबाईचा चेहरा उजळला. ती म्हणाली, "जगदेवीताई, तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील."

जगदेवीनं माझ्याकडे पाहिलं. तिला तिची हिरवी चिंधी दिसली, हे मी शपथेवर सांगतो. मग तिनं दाराकडे पाहिलं. दारात तिचे सासरे पाहुण्यांशी बोलत उभे होते. ती खाली मान घालून म्हणाली, "मला काय ठावं न्हाई."

रुद्राणी काचेवर बोट ठेवून म्हणाली, "आई, हे हिरवं तुझ्या पेटीतल्या लुगड्यागत हाय." जगदेवीनं तिचं बोट काचेवरून काढलं आणि तिला घेऊन गेली. अप्पांचा राग मला आहेच. पण त्यांनी माझी टोकं कधी धरली नव्हती, जगदेवीनं धरली होती. म्हणून तिचा राग जास्त आहे.

पुढचं केवळाबाईनं झाडू मारता मारता मला सांगितलं. गिरजाचे दिवस भरले तेव्हा भामाबाईच्या तळहाताला मूल आडवं लागलं. तिनंच लेकीला दवाखान्यात नेलं. एवढंच मागितलं, "मला तिच्या उशाशी उभं राहू द्या." "सुइणींचं इथं काम नाही," असं म्हणून तिला दाराबाहेर ठेवलं. आत गिरजा भीतीनं हातपाय झाडत होती, माय माय करत होती. तिचे हात पट्ट्यानं खाटेला बांधले, ते भामाबाईनं दाराच्या फटीतून पाहिलं.

मूल जगलं. गिरजाही जगली. भामाबाई बाहेर आलेल्या डॉक्टरांच्या पाया पडली आणि म्हणाली, "पोर वाचवलं, लई उपकार झाले. पर माझ्या लेकीचे हात कशापायी बांधले?" मी इथं खिळ्याला बांधलेला, गिरजा तिथं खाटेला. जनावरं बांधायचा दोर म्हणे.

भामाबाई त्यानंतर माझ्याकडे आली नाही. ती लेकीला आणि नातीला घेऊन इस्लापूरच्या डोंगरात गेली. केवणीचं झाड शोधायला दोन दिवस फिरावं लागलं, जंगल विरळ झालंय. तिनं साल आणली, खाणीतल्या डबक्यात भिजवली आणि गिरजाला तिच्या मांडीवर वळायला लावली. आता झोपड्यांत नवा दोर आहे. गिरजा बायांबरोबर दवाखान्यात जाते, दाराशी भांडते, कधी आत घेतात, कधी नाही. नव्या दोरात सात चिंध्या झाल्या, असं केवळाबाई म्हणाली. मला आनंद झाला, थोडा हेवाही वाटला. पण माझ्या एक्केचाळीस बाया अजून इथंच अडकल्या आहेत.

मित्रांनो, गुरुजी हाका मारत आहेत. जाण्याआधी दोन गोष्टी ऐका. घरी गेल्यावर आईला, आजीला विचारा, मी जन्मलो तेव्हा तू कोणाचा हात धरला होतास? त्या बाईचं नाव विचारा आणि लक्षात ठेवा. आणि तुमच्यापैकी कोणी मोठेपणी इथला साहेब झाला, तर पाटी मागाहून बदला, आधी ही गाठ सोडा.

आणि तू, तिसऱ्या रांगेतली, आता अकरा वर्षांची झालेली रुद्राणी. सगळी हसली तेव्हा तू हसली नाहीस, मी पाहिलं. घरी जा आणि आईची पेटी उघड. तळाशी हिरवी इरकल असेल. तिच्या एका कोपऱ्याला बोटभर कापड नाही. ते इथं आहे.