शरदचंद्राच्या मोटेचं वाक्य

आदिलाबादच्या अदालतीत त्या साली एक बाई दर पेशीला, दर तारखेला यायची. लोक म्हणायचे, नवऱ्याची राख निवली नाही अन् ही उत्तमरावासारख्या लोखंडवाल्याशी कज्जा खेळते! लोकांचं काय जातं, उचलली जीभ लावली टाळ्याला. दमयंती भांडायला येतच नव्हती. ती ऐकायला यायची.

तिचा नवरा शरदचंद्र कचेरीत नकाशे काढायचा, आणि घरी आला की मावला गावच्या मळ्यात विहिरीवर जाऊन नवी मोट जमवत बसायचा. चामड्याची मोट कुजते, सारखी तेल मागते, तिच्या पाणी सोडणाऱ्या सोंडेला आणखी एक बारीक दोर लागतो. यानं लोखंडाची मोट केली आणि बुडाला झडप बसवली. मोट वर आली की झडपेचा कान विहिरीवरच्या आडव्या दांड्याला टेकायचा, झडप उघडायची आणि पाणी धो धो थारोळ्यात. सगळं एकाच दोरावर! निजाम सरकारनं पेटंट दिलं. माझा हक्क कशावर आहे हे सांगणारं त्यात एकच वाक्य होतं, मारुतीच्या शेपटासारखं लांब. अदालतीचा पेशकार दर पेशीला ते उर्दूतलं वाक्य मोठ्यानं वाचायचा, आणि दमयंती डोळे मिटून घ्यायची.

वर झालरीचा पंखा हळूहळू हलायचा. पेशकार म्हणायचा, ‘लोखंडाची मोट’, आणि तिला शरदचंद्र पत्र्यावर बोटाच्या पेरानं टकटक करताना दिसायचा. ‘बुडाला झडप’ आली की तिला हसू फुटायचं. पहिली झडप त्यानं तिच्या पिठाच्या डब्याच्या झाकणाची केली होती आणि ती त्याच्याशी किती दिवस बोलली नव्हती. ‘विहिरीवरील आडवा दांडा’ म्हटलं की तो ओल्या पायांनी काठावर उभा असायचा, सदरा भिजलेला, आणि ओरडायचा, ‘‘दमे, पाह्य, पाह्य!’’ वाक्य संपलं की तोही संपायचा. मग पुढच्या पेशीची वाट.

उत्तमरावानं केलं ते असं. लोखंडाची मोट तीच, बुडाची झडपही तीच. फक्त दांडा काढून टाकला, आणि जुन्या मोटेच्या सोंडेला असतो तसा बारीक दोर झडपेला बांधला. मोट वर आली की दोर ताणतो आणि झडप उघडते. बाजारात तिला लोक ‘उत्तमरावाची मोट’ म्हणायला लागले. ते नाव पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा दमयंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तिनं हणमंतराव वकिलांचं दार गाठलं.

एका पेशीला हणमंतराव जोरात होते. ‘‘हुजूर, दांडा काय अन् दोर काय, ते निमित्त! मोट वर येताच झडप आपोआप उघडावी, हा या वाक्याचा आत्मा आहे. उत्तमरावांनी तोच उचलला.’’

तिकडून नरसिंगराव उठले. ते उत्तमरावाचे वकील, आवाज लोण्यासारखा. ‘‘मग सोंडेची मोट काय करते? तीही वर आली की आपोआपच रिकामी होते, तीही दोरानंच. एवढा अर्थ ताणला तर माझ्या आजोबांची मोटही शरदचंद्रांचीच झाली म्हणायची! जुनी वस्तू आत शिरली की पेटंट बुडालं, हुजूर.’’

मुन्सफसाहेबांनी चष्मा काढला. ‘‘वकीलसाहेब, पेटंटाचं वाक्य म्हणजे रबर नव्हे. उत्तमरावाला धरताना लांब आणि जुनी मोट आली की आखूड, असं इथं चालणार नाही. दोन्हीकडे एकच अर्थ लागेल. कोणता, ते मधल्या सुट्टीनंतर सांगा.’’

सुट्टीत अदालतीबाहेरच्या चिंचेखाली हणमंतरावांनी पान जमवलं, पण तोंडात घातलं नाही. ‘‘वैनी, इकडं आड, तिकडं विहीर. दांडा म्हणजे दांडाच, असं म्हटलं तर पेटंट जगते, पन उत्तमराव सुटते अन् कज्जा आजच खतम. मोठा अर्थ धरला तर कदाचित जिंकू, कदाचित पेटंटच जाईल. पन एक हाय, हरलो तरी वर हैद्राबादेले जाता येते. चालंल मग दोन-चार साल.’’

दोन-चार साल! दमयंतीच्या मनात लाडू फुटला, खोटं कशाला बोला. हैद्राबादेतही पेशकार असेल, तोही वाचेल. ती चिंचेच्या सावलीत बसली होती आणि ऊन पानांतून तिच्या पदरावर हलत होतं. तिचा डोळा लागला की काय, देव जाणे. समोर शरदचंद्र मांडी घालून बसलेला, हातातल्या टाकानं पेटंटाच्या मसुद्यातलं काही खोडत, शेजारी तो मसुदा लिहून देणारे, तेव्हा काळ्या केसांचे हणमंतराव.

‘‘वकीलसाहेब,’’ तिनं डोळे न उघडताच विचारलं, ‘‘लिवताना तुमी ‘दांडा किंवा दोर’ असं लिवलं होतं ना?’’

हणमंतरावांनी हातातलं पान खाली ठेवलं. मग म्हणाले, ‘‘लिवलं होतं. शरदनं खोडलं. मी म्हटलं, काऊन खोडून राह्यला बावा, राहू दे की, उद्या कामी येईल. तर म्हने, दोर साऱ्या गावाचा हाय, माह्या आज्यानं वढला, तुह्या आज्यानं वढला. त्याच्यावर माहा हक्क कसा सांगू?’’

‘‘मग आपन काऊन सांगून राह्यलो?’’

‘‘वैनी, आज हरसान.’’

‘‘हरते,’’ ती म्हणाली. ‘‘त्यायनं जे मागितलं नाई, ते त्यायच्या नावानं मी मागू? जनाची नाई तर मनाची तरी ठेवा.’’

सुट्टीनंतर हणमंतरावांनी मान खाली घालून सांगितलं, दांडा म्हणजे दांडाच. मुन्सफसाहेबांनी दमयंतीकडे पाहिलं. ‘‘बाई, हे तुमच्याच विरुद्ध जातं. कुणाच्या सांगण्यावरून?’’

‘‘ज्यायनं लिवलं त्यायच्या.’’

‘‘लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते अदालत पाहत नाही. काय लिहिलं ते पाहते.’’

‘‘मनात होतं तेच लिवलं जी त्यायनं.’’

साहेबांनी समोरच्या कागदावर एक ओळ लिहिली. मग त्यांनी निकाल सांगितला. शेताचा धुरा, म्हणजे बांध, जिथं दाखवला तिथवरच शेत. दांड्याची मोट शरदचंद्राची, पेटंट कायम. दोराची मोट त्या धुऱ्याबाहेर, उत्तमराव मोकळा.

बाहेर उत्तमराव हात जोडून आडवा आला. माणूस वाईट नव्हता, व्यापारी होता. ‘‘वैनी, म्हनसान तर माह्या मोटेवर शरदभाऊचं नाव टाकतो. इमानानं सांगतो.’’

‘‘नको भाऊ,’’ दमयंती म्हणाली. ‘‘दोराची तुमची, खुशाल इका. त्यायची त्यायले राहू द्या.’’

टांगा मावल्याच्या वाटेला लागला. हणमंतराव समजूत घालत होते की पेटंट वाचलं, नाव वाचलं, हे काय थोडं झालं. ती हूं हूं करत होती.

‘‘पुढची पेशी कधी हाय?’’ तिनं मधेच विचारलं.

‘‘आता कसली पेशी, वैनी? निकाल झाला.’’

‘‘व्हय की,’’ ती म्हणाली, ‘‘म्हंजे आता ते वाक्य कोनी वाचनार नाई.’’ आणि नवरा गेल्यापासून जी बाई कुणासमोर रडली नव्हती, ती भर रस्त्यात टांग्यात हंबरडा फोडून रडली. टांगेवाल्यानं घोडा थांबवला. हणमंतरावांनी आपला रुमाल पुढे केला आणि तोंड फिरवून बसले.