कोपराचं माप

चांगुणाबाईंनी पर्स रंगनाथशेठच्या हातात दिली, पदर खोचला आणि त्या परदेशी ओट्यावर दोन्ही हातांनी भाकरी थापायला सुरुवात केली. पीठ नव्हतं, पाणी नव्हतं, पण थापणं मात्र खरंखुरं होतं. धप्, धप्, धप्. वरच्या काचेच्या कपाटातले कप किणकिणले, खालच्या एका कपाटाचं दार आपणहून उघडलं, आणि पलीकडे टाइल्स बघत उभं असलेलं एक जोडपं वळून बघायला लागलं.

"अगं, काय करतेस हे?" जयरामराव दबक्या आवाजात म्हणाले. "नमुना आहे तो."

"मग नमुन्यावरच बघायचं ना? घरी नेल्यावर बघून काय उपयोग?"

"बाई, ही जर्मनीची वस्तू," रंगनाथशेठ पर्स सांभाळत हसले. "तिकडे भाकरी थापत नाहीत."

"तिकडे नसतील थापत. आम्ही इकडे राहतो."

रंगनाथशेठचं हे दुकान गंगापूर रोडवर नवीनच झालं होतं. दुकान म्हटलेलं त्यांना खपत नसे, शोरूम म्हणायचं. आत डाव्या हाताला हे अख्खं जर्मन स्वयंपाकघर मांडलेलं होतं. मुंबईच्या कुणा बड्या असामीने मागवलं आणि बंदरात माल उतरल्यावर नको म्हटलं, म्हणून रंगनाथशेठनी ते स्वस्तात उचललं होतं. उजव्या हाताला त्यांच्या स्वतःच्या सातपूरच्या कारखान्यातलं. जर्मन बत्तीस हजार, सातपूरचं चौदा. आणि या दोन्हींच्या मधोमध कॅटलॉग छातीशी धरून जयराम पगारे उभे होते.

जयरामराव मार्चमध्ये पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. मागच्याच कॉलनीत त्यांचं घर उभं राहत होतं. स्लॅब पडला होता, गिलावा झाला होता, हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो कुठल्या भिंतीला लावायचा तेही ठरलं होतं. स्वयंपाकघर तेवढं अडलं होतं. गेले पंधरा दिवस त्यांनी त्या एका विषयाचा असा काही अभ्यास चालवला होता, की तेवढ्यात एखादा माणूस खात्याची परीक्षा पास झाला असता. कुठली फळी पाण्याने फुगते, कुठल्या बिजागरीला गंज चढत नाही, सगळं त्यांना पाठ होतं. एक चहा सोडला तर गॅसवर त्यांनी आजवर काही ठेवलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

"हे बघ," त्यांनी जर्मन खण नुसत्या करंगळीने ओढला. खण आवाज न करता बाहेर आला आणि आवाज न करता आत गेला. "आता तो बघ." सातपूरचा खण त्यांनी ओढला. तो आधी अडला, मग खडखडला, मग एकदम सगळाच हातात आला.

"तो जरा जाम आहे," रंगनाथशेठ घाईने म्हणाले. "पट्टी बदलून देऊ."

"बघितलंस?"

"बघितलं," चांगुणाबाई म्हणाल्या. "खरंच छान आहे हो जर्मन खण. नाही कोण म्हणतंय? पण मला या ओट्यावर टाचा उचलून उभं राहावं लागतंय."

"मग उंच टाचांच्या चपला घाल!"

टाइल्सवालं जोडपं हसलं. जयरामरावही हसले. चांगुणाबाई हसल्या नाहीत.

त्यांचा राग ओट्यावर नव्हताच. गुरुवारी त्या शिकवायच्या त्या शाळेत विस्तार अधिकारी आले होते. सायखेड्याच्या शाळेला मुख्याध्यापिका हवी होती आणि यादीत पहिलं नाव चांगुणाबाईंचं होतं. अशी संधी एकदा आधीही आली होती, पेठला. तेव्हा मुलं लहान होती, यांचा डबा होता, बाईंनी नाही म्हटलं आणि त्यांच्या हाताखाली शिकवायला शिकलेली मुलगी त्यांच्या आधी खुर्चीत बसली. या वेळी अधिकारी स्पष्टच बोलले, "पगारे बाई, तिसऱ्यांदा कुणी विचारणार नाही. सोमवारी हो की नाही ते सांगा."

घरी येऊन त्यांनी सांगितलं, तर जयरामरावांनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "सायखेडा म्हणजे सकाळची सहाची एसटी. मग घरी जेवणाचं काय?" एवढं बोलून त्यांनी कॅटलॉग उघडला. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता. माणूस वाईट नव्हता हो. बायकोला शिकवलं, नोकरीला लावलं, पगाराला कधी हात लावला नाही. पण त्या प्रश्नाला दुसरंही काही उत्तर असू शकतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. तेव्हापासून बाई आतल्या आत धुमसत होत्या. आणि आज शनिवार होता.

"शेठ, याची बिजागरी मोडली तर?" त्यांनी वर्गात विचारतात तशा आवाजात विचारलं.

"मोडत नाही, बाई. जर्मन आहे."

"मोडली तर?"

रंगनाथशेठनी मान खाजवली. "तिकडून मागवायची."

"किती दिवसांत येते?"

"आता काय सांगू? कॉलेज रोडच्या डॉक्टरांनी गेल्या दिवाळीत मागवली होती."

"मग आली?"

"येईल," शेठ म्हणाले.

"आणि याच्यावर गरम कढई ठेवली तर?"

"ठेवायची नाही, बाई. डाग पडतो."

"म्हणजे कढई हातात धरून उभं राहायचं." चांगुणाबाई सातपूरच्या ओट्याकडे वळल्या आणि काळ्या कडप्प्यावर त्यांनी दणदणीत चार थापा मारल्या. ओटा हू की चू बोलला नाही. "हे बघा. खणाची पट्टी तुम्ही बदलून देणारच आहात. इथली कडही नीट घासलेली नाही, साडी अडकेल, तीही घासून द्यायची. पण बाकी दगड आहे, लाकूड आहे. मोडलं तर सातपूरला जाऊन तुमची मानगूट धरता येईल."

"बघा साहेब," रंगनाथशेठ खूश होऊन म्हणाले, "बाई माझ्याच बाजूच्या निघाल्या!" खरं तर जर्मन माल खपवायची त्यांना जास्त गरज होती, पण बाईंच्या तोंडून आपल्या कारखान्याचं नाव ऐकून गडी विरघळला.

जयरामराव मात्र जर्मन ओट्यावरून हात फिरवत राहिले.

"चांगुणा," ते जरा वेळाने म्हणाले, "माझी पहिली सायकल सेकंडहँड. लग्नातला कोट मामाचा. स्कूटर घेतली तीही साहेबांनी वापरून टाकलेली. आयुष्यात एकदा तरी वाटतं गं, की एक नंबरची वस्तू घरात यावी. येणाऱ्याने बघत राहावं."

चांगुणाबाईंचा राग क्षणभर कुठल्या कुठे गेला. हा माणूस त्यांना यासाठीच तर आवडत होता. त्या जवळ गेल्या.

"मग घेऊ की. मी नाही म्हणत नाही. फक्त एकदा तिथे नीट उभे राहा आणि भांडी घासल्यासारखं करा."

"मी?"

"हो. पैसे तुमचे आहेत ना?"

जयरामराव उंचीला सहा फूट दोन इंच. ऑफिसात त्यांना सगळे टॉवर म्हणत. त्यांनी लाजत लाजत बाह्या सरसावल्या आणि जर्मन सिंकमध्ये हात घातले. अर्धं मिनिट झालं असेल नसेल, हात कमरेवर गेला.

"आई गं!"

"काय झालं?"

"काही नाही. कंबर." ते सावकाश सरळ झाले. "तुला उंच होतो आणि मला बुटका. हा बनवला तरी कुणासाठी?"

"मधल्या मापाच्या जर्मनासाठी," रंगनाथशेठ म्हणाले. "त्यांचं माप ठरलेलं असतं, साहेब, त्यात बदल नाही. आमचं तसं नाही. उभं राहणाऱ्याचं कोपर मोजायचं आणि कोपरापासून चार बोटं खाली ओटा. उभ्या जन्मात कंबर दुखायची नाही."

जयरामरावांनी कॅटलॉग मिटला. एकदा त्या चकचकीत खणाकडे शेवटचं बघितलं, आणि मन मोठं करून म्हणाले, "ठीक आहे. सातपूरचाच करा. ही म्हणते ते बरोबर आहे. बाईंचं माप घ्या."

रंगनाथशेठनी खिशातला टेप काढला. चांगुणाबाईंनी तो त्यांच्या हातातून घेतला.

"कोपर वाकवा," त्या म्हणाल्या.

रंगनाथशेठनी आपलं कोपर वाकवलं.

"तुम्ही नाही हो शेठ. हे."

जयरामराव गोंधळले. "माझं कशाला?"

"ओट्याला उभं कोण राहणार?"

"कोण म्हणजे?"

"सोमवारी मी सायखेड्याला हो कळवणार आहे," चांगुणाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "सहाची एसटी मी पकडणार. नोकरीची चार वर्षं राहिली आहेत माझी, ती मी मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत काढणार. तुम्ही घरी असता. रोजचा स्वयंपाक तुमचा. मी शिकवीन. एवढी मुलं शिकवली, तुम्ही काय अवघड आहात?"

टाइल्सवाल्या जोडप्यातली बाई टाइल हातात धरून तशीच उभी राहिली. रंगनाथशेठ कधी साहेबांकडे, कधी बाईंकडे बघत होते.

"आणि तुला?" जयरामरावांनी विचारलं. "माझ्या मापाचा केला तर तुझे हात तरी पोचतील का?"

"मला रविवारपुरता लागेल. रविवारी मी काहीतरी पायाखाली घेऊन उभी राहीन."

जयरामरावांनी घसा खाकरला. आता हा माणूस हसण्यावारी नेणार, नाहीतर चारचौघांत चिडणार, नाहीतर घरी जाऊन बोलू म्हणणार, आणि घरी गेलं की संपलं. टेपचं एक टोक त्यांनी जमिनीवर चपलेखाली दाबून धरलं आणि मान वर करून नवऱ्याकडे बघितलं. कोपर अजून सरळच होतं.

"थांब," जयरामराव म्हणाले.

"का?"

"असं माप चुकेल." ते खाली वाकले. कमरेला कळ आली तसे "आई गं" म्हणाले, आणि एकेक करून बुटांच्या नाड्या सोडायला लागले. "घरात मी अनवाणी असतो."

मोजे फरशीवर ठेवून ते ताठ उभे राहिले आणि त्यांनी कोपर वाकवलं. चांगुणाबाईंनी टेप खालून वर नेला, अंगठ्याने आकडा दाबून धरला आणि प्रार्थनेला उभ्या असलेल्या अख्ख्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"लिहा शेठ. साडेपंचेचाळीस!"