कोणाच्याच खालून न जाणारा धागा

मी भागीरथा. तलमडुगूच्या बसथांब्यामागं माझी शिलाई मशीन हाये. माझं तोंड मशीनपेक्षा जास्त चालते, असं लोक म्हणतात. म्हणू द्या.

यंदा शाळेतल्या आठ मुलींना पंधरा ऑगस्टच्या परेडीसाठी नवे झगे शिवायचं ठरलं. माझी लेक शीतल आजवर रांगेत मागंच राह्यली. यंदा पहिल्यांदा ती झेंडा घेऊन सगळ्यांच्या पुढं चालणार होती. तिच्या अंगावर नवा झगा दिसावा, एवढीच माझी हौस.

शाळेतल्या शुभांगी मॅडमनं मोबाईलवर एक परदेशी चौकडा, म्हंजे चौकटी-चौकटींचं कापड, दाखवलं. तिकडं म्हणे एकेका कुळाचा एकेक चौकडा असते, कोणत्या रंगाचे किती धागे तेबी लिहून ठेवतात. शाळा कमिटीचे अध्यक्ष यशवंतराव खुर्चीतून अर्धे उठले. "मंग आपल्या गावाचा काऊन नाही?"

झालं. त्यांनी देवाच्या भंडाऱ्याचा पिवळा मागितला, कमिटीतल्या रविकांत सरांनी निळा. कमिटीतला तिसरा महिपतभाऊ कापूस पेरते, त्याले पांढरा पाहिजे होता. ज्याचे त्याचे आठ धागे, उभे तसेच आडवे. मी हातमागवाल्या पोशेट्टीकडून दोन मीटरचा नमुना विणून आणला. इतका देखणा उतरला होता की दुकानात मी तो तीनदा उलगडून पाह्यला.

कमिटीनं तो टेबलावर अंथरला. यशवंतरावांनी जमिनीचे नकाशे पाहायचं भिंग काढलं.

"हा हिरवा कोणी मागितला?"

"कोणीच नाही," मी म्हटलं. "पिवळा न् निळा भेटले की तसं दिसते."

"भेटले कायले? अन् हे पाहा, आमचा पिवळा निळ्याच्या खालून जाऊन राह्यला."

रविकांत सरांनी भिंग हातात घेतलं. "बाजूलाच निळा पिवळ्याच्या खालून जाते, अध्यक्षसाहेब. हे आम्हांलाही मान्य नाही."

महिपतभाऊनं भिंगाची वाट पाह्यली नाही. "माझा पांढरा तं दोघांच्याबी खाली हाये."

"अहो, एक खालून जाईन तवाच दुसरा वरून जाईन," मी म्हटलं. "यालेच कापड म्हणतात."

"तू शिवायचं पाह्य, भागीरथे," यशवंतराव म्हणाले. "विणायचं आमी पाहू."

मंग तीन बैठकी झाल्या. नामंजूर नमुना टेबलावरच राह्यला, त्याच्यावर चहाचे कप आले. शेवटी ठराव झाला: कोणाचाही धागा कोणाच्याही खालून जाणार नाही, सर्वानुमते मंजूर. खाली सह्या, त्यावर शिक्का. त्या दिवशी तिघंबी एकमेकांच्या पाठीवर थाप मारून घरी गेले. इतकी एकी मी गावात कधी पाह्यली नव्हती. मॅडमनं ठराव पोशेट्टीला तेलुगूत समजावून सांगतला. त्यानं तो मॅडमकडून पुन्हा एकदा वाचवून घेतला, अन् मान हलवली.

तेरा तारखेला पार्सल आलं. कमिटीसमोर मीच सोडलं. आत धाग्यांच्या तीन लडी होत्या, पिवळी, निळी, पांढरी, एकीशेजारी एक, सरळ, नीट बांधलेल्या. सोबत चिठ्ठी होती, मॅडमनं वाचली: ठरावाप्रमाणं केलं, कोणी कोणाच्या खाली नाही.

यशवंतरावांनी भिंगातून एकेक लड तपासली.

"धागे तं बरोबर हायेत," ते म्हणाले. "कापड कुठं हाये?"

मंग तिघंबी एकदम बोलाय लागले, चूक पोशेट्टीचीच कशी ते. माझे डोळे भरून आले, त्याहून जास्त डोकं तापलं. एका दिवसात कोण विणून देणार होतं? मी टेबलावरचे कप उचलून खाली ठेवले अन् नमुना ओढून घेतला.

"हे कायले नेतं?" महिपतभाऊनं विचारलं.

"धुवायले."

दोन मीटरमधी एकच झगा बसला. बाकीच्या सात पोरी जुन्याच झग्यांत चालल्या, त्याचं मले अजून वाईट वाटते. चहाचा एक डाग निघालाच नाही, तो मी कमरपट्ट्याखाली दाबला.

परेडीत शीतल पुढं आली. मान ताठ, झेंडा सरळ. उन्हात तो चौकडा असा खुलला की मले समोरचं धूसर दिसाय लागलं. मंडपात यशवंतराव खुर्चीतून माझ्याकडं वाकले.

"भागीरथे, त्या पुढच्या पोरीचं कापड कोणतं? कसं उठून दिसून राह्यलं. आपण हेच काऊन नाही आणलं?"

"जवळून पाहा न," मी म्हटलं.

त्यांनी सगळे खिसे चाचपले. भिंग घरी राह्यलं होतं, म्हून बिचारे टाळ्या वाजवत राह्यले.