सुटलेल्या ट्रॉलीला वाट

खाणीच्या वरच्या तोंडाशी ट्रॉलीची साखळी तुटली तेव्हा माझ्या नवऱ्याचा पाय रुळाखाली होता. दगडाच्या ट्रॉल्या ज्या रुळावरून खाली येतात, तो खचला म्हणून उचलून नवरा त्याखाली खडी भरत होता. टेकू निसटला आणि रूळ घोट्यावर बसला. मी पहार घालून जिवाच्या आकांताने रेटत होते. रूळ ढिम्म हलत नव्हता.

भरलेली ट्रॉली उतारावरून सुसाट निघाली. तिच्या आणि आमच्या मधे, सपाटीवर, भरलेल्याच तीन ट्रॉल्या सुट्या सुट्या उभ्या होत्या. सासरे तिकडे धावले. ते इथले मुकादम, आणि त्यांचा नियम एकच: सुटलेल्या ट्रॉलीला वाट मोकळी करा. मधल्या तिन्ही ट्रॉल्या बाजूच्या रुळावर काढायला त्यांनी सांध्याच्या, म्हणजे रूळ बदलायच्या, दांड्याला हात घातला.

मी पहार टाकून धावले. "बाबा, सोडा तो दांडा."

"वेडी झालीस? त्या तिघींना घेऊन त्याच्या अंगावर येईल ती."

"येऊ दे. सावकाश येईल."

ट्रॉल्या जोडण्याचं काम माझं. चालती ट्रॉली उभीवर आदळते, आकडा आपोआप अडकतो आणि दोघी निम्म्या वेगाने पुढे जातात. तिसरी लागली की आणखी हळू. जोर कुठे जात नाही, फक्त वाटला जातो. सासऱ्यांनी हे माझ्या दुप्पट वर्षं पाहिलंय. पण पोटचा मुलगा अडकल्यावर कुणाची अक्कल ठिकाणावर राहते? आमचं तसंही विळ्याभोपळ्याचं सख्य. मी त्यांच्या शर्टाला धरून ओढलं. बाही टरकन फाटली, पण दांडा त्यांच्या हातून सुटला.

धाड. दोघी निघाल्या. धाड. तिघी. तिसऱ्या धडकेला चौघी मिळून माणसाच्या चालीने आमच्याकडे येऊ लागल्या. माझं चुकलं असेल तर मीच त्याला मारलं, एवढंच मनात होतं.

"अगं, तू तरी बाजूला हो," नवरा म्हणाला.

"गप्प बसा. पाय ओढा."

सासऱ्यांनी पुढच्या चाकाखाली लाकडाचा ठोकळा सारला. त्याचा भुगा झाला. दुसरा सारला, तोही चिरडला. वेग कमी होता, पण चार ट्रॉल्यांचं वजन पाठीशी होतं. मग मी पहारच रुळावर आडवी टाकली. पाय सोडवायला तेवढीच होती आमच्याकडे. चाक तिला कर्रकन घासत पुढे ढकलू लागलं. मी आणि सासरे ट्रॉलीला पाठ लावून टाचा रोवून उभे राहिलो. टाचा खडीतून नवऱ्याच्या दिशेने सरकत होत्या. नवऱ्याने डोळे मिटले.

पहारेचं टोक त्याच्या बुटाला लागलं आणि सगळं थांबलं.

माणसं धावत आली, रूळ उचलला, पाय निघाला. घोटा मोडला होता, पण तो शुद्धीवर होता, शिव्याही देत होता. मी मागे वळून पाहिलं.

"बाबा, थांबली ती," मी म्हणाले. "सोडा आता."

सासरे मात्र फाटक्या बाहीने त्या ट्रॉलीला रेटतच होते.