उजवा कान

"शिक्का तुमचाच ना, काका?" साहेबांनी टेबलावरची रायफल पुढे सरकवली.

बोल्टच्या मुठीखाली काकांचा छोटा गोल शिक्का होता. त्याशिवाय कारखान्यातून एकही शिकारी रायफल बाहेर जात नसे. मोजमापं गेज, म्हणजे मापयंत्र, घेऊन बसणारी गेजवाली करायची, पण शेवटची परीक्षा काकांच्या कानाची, गेली एकतीस वर्षं. म्हणून सगळे त्यांना कानकाका म्हणत आणि त्यांनाही ते मनातून आवडायचं.

"सेफ्टी लावलेली असताना गोळी सुटली म्हणे," साहेब म्हणाले. "शिकाऱ्याच्या सख्ख्या भावाच्या मांडीत. पाय कापावा लागला."

"शक्यच नाही."

काकांनी बोल्ट उघडून आत गोळी नसल्याची खात्री केली. नळी उजेडाला धरली, ओरखडासुद्धा नव्हता. बोल्ट मागेपुढे केला, तो लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरला. मग सेफ्टी लावून त्यांनी रायफल उजव्या कानाशी धरली आणि चाप ओढला. आतला अडसर घसरत असेल, तर इथे बारीकशी टिक वाजते. काही वाजलं नाही.

"ठणठणीत आहे, साहेब! त्यानंच सेफ्टी काढली असणार आणि आता आपल्या नावानं बोंबलतोय."

"काका," शेजारच्या टेबलावरून गेजवाली चाचरत म्हणाली, "वाजली की."

"तुझं आपलं काहीतरीच!" त्यांनी पुन्हा चाप ओढला.

"वाजली," साहेब म्हणाले. "मलाही ऐकू आली."

दोघं मिळून आपली थट्टा करताहेत, असं काकांना वाटलं. पण हसत कुणीच नव्हतं. त्यांनी रायफल डाव्या कानाशी नेली. एकतीस वर्षांत कधी नेली नव्हती. चाप ओढला.

टिक.

त्यांनी रायफल टेबलावर ठेवली.

साहेबांनी दार लोटून घेतलं. "एखादी सुटते हातून, काका. निवृत्तीला चार महिने राहिलेत तुमच्या. चूक शिकाऱ्याची, असं लिहून टाकू."

"एखादी?" काकांनी विचारलं. रोजच्या वीस रायफली त्यांच्या हातून जात. आणि कधीपासून, तेच त्यांना माहीत नव्हतं. बायको हल्ली तोंडातल्या तोंडात बोलते म्हणून ते तिच्यावर डाफरत असत. "काय?" असं विचारणं कमीपणाचं वाटे, म्हणून चारचौघांत नुसती मान डोलावत.

त्यांनी घरी फोन लावला. हात आपसूक डाव्या कानाकडे गेला आणि ते दचकलेच. हाताला केव्हाच कळलं होतं तर!

"मी एका हाकेत ओ देणं कधी बंद केलं गं?"

"अहो, हे काय भलतंच?"

"आठवून सांग. चेष्टा करत नाहीये मी."

"घराला रंग दिला ना, तेव्हापासून. शिडीवरून ओरडून ओरडून माझा घसा बसला. म्हटलं, बोलून कशाला दाखवा, तुम्हाला लागेल."

रंग देऊन चौदा महिने झाले होते. काकांनी फोन ठेवला.

"चौदा महिन्यांतल्या सगळ्या परत मागवा, साहेब. कारण माझा कान, असंच लिहा. मी सही करतो."

काकांनी खिशातून शिक्क्याचा पंच काढला, सदऱ्याला पुसला आणि गेजवालीच्या तळहातावर ठेवला. तिचे डोळे भरून आले होते. ती हळूच काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणालीस?" काकांनी विचारलं आणि डावा कान तिच्यापुढे केला.